होई आनचा कंदील

वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा विद्यार्थी होण्याचा योग मला आला तो व्हिएतनाममधल्या होई आन या गावी. बसायला हातभर उंचीचे प्लास्टिकचे स्टूल. समोर बांबूचा एक सांगाडा, गोंदाची वाटी, कुंचला, कात्री आणि तांबड्या रेशमी कापडाच्या पट्ट्या. शिकवणाऱ्या बाई साठीच्या घरातल्या. त्यांना इंग्रजीचे दहा-बारा शब्द येत होते आणि मला व्हिएतनामी भाषेचा एकही येत नव्हता. माझी पहिली पट्टी पाहून त्यांनी मान हलवली, ती अलगद सोडवली आणि "नो" एवढेच म्हणाल्या. तीस वर्षे दुसऱ्यांच्या वह्यांवर फुल्या मारणाऱ्या माणसाला त्या दिवशी स्वतःच्या कामावर फुली मिळाली. शेजारी बसलेल्या आमच्या सौ. मात्र पहिल्याच पट्टीला उत्तीर्ण झाल्या.

२०२५ च्या मे महिन्याच्या सुट्टीत एका सहल कंपनीबरोबर आम्ही तिकडे गेलो होतो. कार्यक्रमपत्रिकेत 'पारंपरिक कंदील बनविण्याचा वर्ग : दोन तास' असे छापले होते. इतिहास विषय घेऊन एम.ए. झालेल्या माणसाला 'पारंपरिक' हा शब्द सुखाने वाचू देत नाही. कोणाची परंपरा? केव्हापासूनची? या प्रश्नांचा माग काढत मी होई आनच्या चारशे वर्षांत शिरलो आणि शेवटी माझ्याच शाळेतल्या एका कुलूपबंद खोलीच्या दाराशी येऊन थांबलो. तीच हकिकत वाचकांपुढे ठेवतो.

प्रथम कंदिलाची घडण सांगतो. बांबू तोडून मिठाच्या पाण्यात बरेच दिवस भिजत ठेवतात, म्हणजे त्याला कीड लागत नाही. मग तो वाळवून त्याच्या पातळ, लवचीक कामट्या काढतात. वर एक आणि खाली एक अशा दोन लाकडी चकत्या असतात. त्यांच्या कडेला खाचा पाडून त्यांत कामट्यांची टोके बसवतात. वरची चकती खाली दाबली की कामट्या बाहेर फुगून घाट तयार होतो. चकत्या एकमेकींपासून दूर केल्या की सारा कंदील छत्रीसारखा मिटतो. हा सांगाडा शिकाऊ माणसाला तयारच मिळतो, कारण खरी विद्या त्यातच आहे आणि ती दोन तासांत येत नाही. आपण फक्त कामट्यांना गोंद लावायचा, पट्टी चिकटवायची, उरलेली कड कात्रीने कापायची आणि शेवटी खाली रेशमी गोंडा बांधायचा. ऐकायला सोपे वाटते. पण कापड ताणायचे असते, ओढायचे नसते. कमी ताणले तर सुरकुती पडते. जास्त ओढले तर कामटी आत वाकते आणि कंदिलाचे एक गाल बसते. हा ताण भाषेत सांगता येत नाही. बाईंनी माझे बोट धरले आणि कापडावर किती दाब द्यायचा ते त्या बोटालाच शिकवले.

व्हिएतनामी भाषेत या कंदिलाला 'डेन लोंग' म्हणतात. 'डेन' म्हणजे दिवा आणि 'लोंग' म्हणजे पिंजरा. दिव्याचा पिंजरा! आपला 'कंदील' हा शब्द अरबीतून आला आणि अरबीत तो भूमध्य समुद्राकडून, 'कँडेला' या लॅटिन शब्दापासून गेला. आमच्या भागातले कानडी शेजारी मात्र आकाशकंदिलाला 'आकाशबुट्टी' म्हणतात. बुट्टी म्हणजे टोपली. आमच्याकडच्या मराठीतही ती बुट्टीच. व्हिएतनामी माणसाने पिंजरा पाहिला, कानडी माणसाने टोपली पाहिली. दोघांचीही नजर आधी बांबूवर गेली होती. आम्ही मराठी लोक मात्र समुद्रावरून आलेला शब्द घेऊन बसलो, आणि तो आता आमच्याइतका कोणाचाच वाटत नाही.

आता गावाविषयी. होई आन थू बोन नदीच्या काठी, तिच्या मुखापासून थोडेसे आत वसले आहे. माझ्या भेटीच्या वेळी ते क्वांग नाम प्रांतात होते; जुलै २०२५ मध्ये हा प्रांत दा नांग शहरात विलीन झाला. हा मुलूख पूर्वी चंपा राज्याचा. गावापासून पाऊण-एक तासाच्या मोटारप्रवासावर मी सन येथे चंपाच्या राजांनी बांधलेली विटांची शिवमंदिरे आहेत आणि तिथल्या शिलालेखांत संस्कृत आहे. पुढे व्हिएतनामी सत्ता दक्षिणेकडे सरकली. १५५८ मध्ये न्गुयेन होआंग हा सरदार उत्तरेतून इकडे आला आणि त्याच्या घराण्याने हे बंदर परदेशी व्यापाऱ्यांना खुले केले. युरोपीय लोक त्याला 'फाइफो' म्हणत.

या बंदराचा सारा संसार वाऱ्यावर चाले. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांवर जपान आणि चीनची जहाजे येत. रेशीम, साखर, दालचिनी, अगरू यांची खरेदी होई. पण परतायचे तर नैर्ऋत्येचा वारा सुटेपर्यंत थांबणे भाग असे. काही महिने थांबायचे म्हणजे घर हवे. घर आले की चूल आली, सोयरीक आली, देऊळ आले. अशा रीतीने एका गावात दोन वसाहती झाल्या, एक जपान्यांची आणि एक चिन्यांची. १६१८ ते १६२२ या काळात या प्रदेशात राहिलेला इटालियन जेझुइट क्रिस्तोफोरो बोर्री लिहितो की ही जणू दोन नगरे होती आणि प्रत्येकाचा कारभारी व कायदा वेगवेगळा होता. द्वैभाषिक गावात जन्म काढलेल्या माणसाला हे वर्णन परके वाटत नाही.

जपानी वस्तीजवळच्या ओहोळावर छपराचा एक पूल आहे. त्याचा आरंभ १५९३ चा मानतात. एका टोकाला कुत्र्यांच्या मूर्ती, दुसऱ्या टोकाला माकडांच्या आणि मधोमध बाजूला एक छोटे देऊळ. जपानने १६३५ मध्ये आपल्या लोकांना परदेशी जाण्यास बंदी केली आणि पुढे इथली जपानी वस्ती ओसरत गेली. चीनमध्ये १६४४ साली मिंग राजवट कोसळली, तेव्हा नव्या राजवटीला कंटाळलेले चिनी येथे येऊन कायमचे राहिले. त्यांच्या वंशजांना मिन्ह हुआंग म्हणत. फूच्येन, क्वांगतुंग, हायनान अशा आपापल्या मुलखाच्या नावांनी त्यांनी सभागृहे उभारली. ती आजही आहेत. १७१९ मध्ये न्गुयेन फुक चू हा राजा गावी आला, तेव्हा पूल बांधणारे केव्हाच गेले होते. त्याने पुलाला नाव दिले 'लाय व्हिएन किएउ', म्हणजे दूरदेशीहून आलेल्यांचा पूल. पाहुणे निघून गेल्यावरही त्यांचे नाव पुलावर ठेवणारा राजा मला मोठा वाटला. तो पूल आज व्हिएतनामच्या वीस हजार डोंगांच्या नोटेवर आहे. त्याची मोठी दुरुस्ती नुकतीच झाली आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तो पुन्हा खुला झाला.

याच परिसरात आणखी एक गोष्ट घडली आणि तिचा धागा गोव्याला पोचतो. व्हिएतनामी भाषा आज रोमन लिपीत लिहितात. ही लिपी घडवण्याचे काम सतराव्या शतकात जेझुइटांनी होई आनच्या आसपास सुरू केले. फ्रान्सिस्को द पिना हा पोर्तुगीज पाद्री त्यातला अग्रणी. अलेक्झांडर द र्‍होड्स त्याच्या हाताखाली भाषा शिकला आणि १६५१ मध्ये रोमला त्याचा व्हिएतनामी–पोर्तुगीज–लॅटिन शब्दकोश छापला गेला. हा र्‍होड्स पूर्वेकडे आला तो गोव्याच्या वाटेने. १६१९ ते १६२२ ही वर्षे त्याने गोव्यात काढली. मराठीतले 'क्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापणारे फादर स्टीफन्स त्याच पंथाचे, आणि १६१९ मध्येच ते गोव्यात वारले. एका भाषेने ती परकी लिपी पुढे आपलीशी केली, दुसरीने आपली लिपी राखली. दोघीही जगल्या. होई आनमधली प्रत्येक पाटी मला वाचता येत होती आणि एकीचाही उच्चार येत नव्हता, ही शिक्षा मी त्या दोन पाद्र्यांच्या नावे भोगली.

पुढे बंदराचे दिवस फिरले. १७७० नंतरच्या यादवीत गावाची नासधूस झाली. ते पुन्हा उभे राहिले, पण नदी गाळाने भरत गेली. मोठी जहाजे आत येईनात. एकोणिसाव्या शतकात खोल पाण्याचे दा नांग पुढे गेले आणि होई आन मागे पडले. गरिबीमुळे कोणी जुनी घरे पाडून नवी बांधली नाहीत. १९८० नंतर काझिमिएर्झ क्वियातकोवस्की हा पोलिश वास्तुतज्ज्ञ मी सनच्या मंदिरांच्या कामासाठी आला आणि हे गावही वाचवले पाहिजे असा त्याने आग्रह धरला. १९९७ साली तो व्हिएतनाममध्येच वारला. गावात त्याचा पुतळा आहे. १९९९ मध्ये युनेस्कोने होई आन जागतिक वारशात घेतले.

आणि कंदील? दारावर कंदील टांगण्याची चाल इथल्या चिनी आणि जपानी व्यापाऱ्यांची, असे गावकरी सांगतात. पण मी ज्यावर घाम गाळला तो मिटणारा कंदील विसाव्या शतकाच्या अखेरीस गावातल्या कारागिरांनी बसवलेला आहे. प्रवाशाच्या बॅगेत मावावा म्हणून. चांद्रमासाच्या चौदाव्या रात्री विजेचे दिवे मालवून गावभर कंदील लावण्याचा सोहळाही १९९८ पासूनचा. माझा पहिला विचार असा की, म्हणजे 'पारंपरिक' हा शब्द खोटाच! पण काम करता करता तो विचार टिकेना. कामटी काढणारा हात जुना होता. फक्त घडी नवी होती. त्या हाताला काम मिळावे म्हणून गावाने घडी शोधली आणि रात्र नेमून दिली. परंपरा टिकते ती अशी कोणीतरी तिच्यासाठी वेळापत्रकात जागा केल्यामुळे.

आमचे नशीब असे की ११ मे रोजी ती चौदावी रात्र होती. त्यांचा महिनाही आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो. आमच्या हिशेबाने वैशाख शुद्ध चतुर्दशी. दुसऱ्या दिवशी बुद्धपौर्णिमा. विजेचे दिवे गेले आणि पिवळ्या भिंतींच्या गल्ल्यांतून कंदील उजळले. नदीवर कागदी दिवे सोडलेले. गर्दी तर आपल्या जत्रेला लाजवील अशी. सौ. म्हणाल्या, "आपल्या घरी हल्ली प्लास्टिकचाच लागतो ना?" मी काही बोललो नाही.

कारण त्या कुलूपबंद खोलीची आठवण झाली होती. आमच्या शाळेत हस्तव्यवसायाचे एक गुरुजी होते. घरची भाषा कानडी, शाळेत शुद्ध मराठी. दिवाळीच्या सुट्टीआधी पंधरा दिवस ते बुरुडाकडून बांबू आणत, आठवीच्या मुलांकडून कामट्या काढून घेत, मैद्याची खळ शिजवत आणि चाळीसेक आकाशकंदील शाळेच्या व्हरांड्यात टांगत. मुले त्यांना कंदील म्हणत, गुरुजी बुट्टी म्हणत. मी मुख्याध्यापक झालो त्या वर्षी दहावीचा निकाल खाली आला होता. मी हस्तव्यवसायाच्या दोन्ही तासिका काढून गणित आणि इंग्रजीला दिल्या. गुरुजी एवढेच म्हणाले, "सर, तुमचंही बरोबर आहे." पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. निकाल वाढला. खोलीत मोडकी बाके गेली.

परतल्यावर मी तो तांबडा कंदील घेऊन त्यांच्या घरी गेलो. त्यांनी तो दोन-तीनदा उघडला, मिटवला, चष्मा वर करून चकतीच्या खाचा तपासल्या. "कामट्या एकसारख्या काढल्यात," म्हणाले. मग माझे काम पाहून, "कापड कोणी लावलंय?" मी कबूल केले. ते हसले. वर्गाची फी भरून शिकलो हे ऐकल्यावर मात्र त्यांना नवल वाटले. "फी घेऊन शिकवतात? आणि लोक येतात? आपल्याकडे तर फुकट होतं, सर."

त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते. शाळा उघडल्यावर मी खोलीतली बाके बाहेर काढायला लावली आणि शनिवारच्या शेवटच्या दोन तासिका परत दिल्या. गुरुजींना या वयात जिना चढवत नाही, म्हणून वर्ग व्हरांड्यात भरतो. पहिल्या शनिवारी अकरा मुले आली. दोघांची बोटे कापली, एका पालकाची चिठ्ठी आली, आणि पाच कंदील एका बाजूला कलले. गुरुजींनी ते सोडवले आणि पुन्हा करायला लावले. मीही एक केला आहे. त्याचेही एक गाल थोडे बसले आहे. तरी या दिवाळीत आमच्या दारावर तोच लागेल.