चौलचा धक्का आणि नगरचा घोडा

नगरचा इतिहास सांगताना आपण किल्ला सांगतो, चांदबिबी सांगतो, भुईकोटाचा खंदक सांगतो. नगरला समुद्र होता हे सांगावयाचे मात्र राहून जाते. समुद्र होता, आणि त्याचे दार चौल येथे होते. कुंडलिकेच्या मुखाशी, आजच्या रेवदंड्याच्या शेजारी.

या दाराशी 1469 साली एक माणूस उतरला. अफानासी निकितिन, रशियातील त्वेर गावचा व्यापारी. अस्त्राखानजवळ तातारांनी त्याला लुटले. माल उधारीचा होता, तेव्हा गावी परतण्यास तोंड उरले नाही. तो खाली खाली सरकत होर्मुझला आला आणि एक घोडा घेऊन जहाजावर चढला. दख्खनमध्ये जातिवंत घोडा पैदा होत नाही, अरब-इराणातून आणावा लागतो, आणि म्हणून तो सोन्याच्या मोलाने विकला जातो, एवढा हिशेब त्याला पक्का ठाऊक होता. मस्कत, गुजरात, खंबायत असे करीत तो चौलला पोचला.

श्रोतेहो, त्या प्रवासाचा शेवटचा दिवस डोळ्यांपुढे आणा. आज सहलीच्या जहाजावर शेवटचा दिवस म्हणजे बंदर पाहणे आणि खरेदी. या गृहस्थाचे सारे भांडवल चार पायांवर उभे होते. घोडा लंगडा उतरला, तर तो कायमचा दिवाळखोर! घोडा सुखरूप उतरला. चौलबद्दल निकितिन काय लिहितो? लोक उघडे हिंडतात, बायका वेणी घालतात, आणि आपण गोरे म्हणून जिकडे जावे तिकडे लोक मागे येतात. राजाच्या अनवाणी शिपायांच्या हातची ढाल-तलवार त्याने टिपली. घोडा कोणी उतरविला, दाणावैरण कोणी आणली, यावर अक्षर नाही. हमाल-खलाशांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला ती जागा बोचते. पण दोष एकट्या निकितिनला कशाला, आपल्या बखरी तरी कोठे सांगतात?

पुढे पाली, मग घाट, मग जुन्नर. तीन आठवड्यांहून अधिक वाट. जुन्नरच्या असदखानाने घोडा हिसकावला आणि धर्म बदललास तरच परत देतो म्हणून बजावले. एका खुरासानी मुसलमान गृहस्थाने रदबदली केली, तेव्हा घोडाही वाचला आणि धर्मही. (1957 सालचा 'परदेसी' चित्रपट याच प्रवासावर बेतलेला.)

त्याच जुन्नरहून मलिक अहमद स्वतंत्र झाला. 1490 साली भिंगारजवळ त्याने बहमनी फौजेचा मोड केला आणि पुढे त्याच रणभूमीवर आपले शहर, अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, वसविले. घोडदळावर जगणाऱ्या या राज्याला घोडा हवा, म्हणजे चौल हवे.

आणि चौलवर डोळा पोर्तुगिजांचाही होता. 1508 साली चौलच्या पाण्यात मिसरी-गुजराती आरमाराशी लढताना त्यांच्या व्हाइसरॉयचा मुलगा पडला, तरी ते हटले नाहीत. 1521 मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी तेथे कोट उभारला. एका खाडीवर दोन चौले झाली: वरचे निजामशहाचे, खालचे फिरंग्यांचे. समुद्रात कोणाचे जहाज कोणत्या परवान्याने चालेल हे फिरंगी ठरवू लागला. घर आपले, कुलूपही आपले, किल्ली मात्र भाडेकऱ्याच्या कमरेला! मुर्तझा निजामशहाने 1570-71 मध्ये मोठ्या फौजेनिशी वेढा घातला. महिनोन् महिने चालला, फळ आले नाही. 1594 मध्ये खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर निजामशाही सैन्याचा पुरता संहार झाला. त्यानंतर सहाच वर्षांनी मोगलांनी नगरचा किल्ला घेतला. दोन्ही घटनांचा सांधा सरळ जोडणे धाडसाचे होईल. पण आरमाराशिवाय बंदर राखू पाहणाऱ्या राज्याची ओढाताण त्यात दिसते. पोर्तुगिजांच्या हातून चौल सुटले ते 1740 साली, मराठ्यांकडे.

निकितिन घरी पोचलाच नाही. स्मोलेन्स्कजवळ वाटेत वारला. त्याच्या हातच्या वह्या व्यापाऱ्यांनी 1475 साली मॉस्कोला नेल्या, आणि त्या वह्यांत चौलचे नाव आहे.