भर उन्हातली मेणबत्ती

वडिलांच्या लहानपणी वसईत पास्काचा, म्हणजे ईस्टरचा, प्रकाश सकाळी पेटायचा. पवित्र शनिवारी देवळाच्या दारात चांगलं ऊन पडलेलं असे आणि त्या उन्हात फादर नवा अग्नी पेटवत. लॅटिनमधून त्या पवित्र रात्रीची थोरवी गायली जाई आणि बाहेर लोक वाडीला पाणी सोडत असत. "गाणं रात्रीचं आणि घाम दिवसाचा," असं वडील हसत सांगायचे. दुपारी बारा वाजले की उपवासकाळ संपला.

हा काही वसईचा गावठी प्रकार नव्हता. रोमच्या पंगतीतल्या सगळ्याच देवळांत हेच चाले. मुळात पास्काचं जागरण रात्रभराचं. नव्याने श्रद्धा स्वीकारणाऱ्यांचा स्नानसंस्कार त्याच रात्री व्हायचा. पण विधी झाल्याशिवाय उपास सुटत नसे. पोटात कावळे ओरडू लागले की विधी थोडा अलीकडे येई. असा सरकत सरकत तो मध्ययुगाच्या अखेरीस सकाळवर येऊन बसला. 1566 मध्ये पोप पाचवे पायस यांनी दुपारनंतरच्या मिस्साला मनाई केली आणि परतीची वाट बंद झाली. 1642 मध्ये पोप आठवे अर्बन यांनी सक्तीच्या सणांची यादी कापली. त्यानंतर त्या शनिवारी कष्टकरी माणूस कामावर जाऊ लागला, आणि वर्षातला सर्वांत मोठा विधी मोजक्या माणसांसमोर होऊ लागला. वसई 1534 ते 1739 पोर्तुगिजांकडे होती, म्हणजे आमच्या पूर्वजांच्या पदरात हा विधी पडला तोच दिवसाढवळ्याचा.

दिवसा दिवा लावण्याची थट्टा मात्र फार जुनी आहे. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला विजिलान्शियस नावाच्या धर्मगुरूने, सूर्य डोक्यावर असताना मेणबत्त्यांचे ढीग कशाला जाळता, असं विचारलं. 406 मध्ये संत जेरोम यांनी त्याला झोडपून काढलं. त्यांचं म्हणणं, पूर्वेकडच्या देवळांत शुभवर्तमान वाचताना उजेडातही दिवे लावतात, ते अंधार घालवायला नव्हे, आनंद दाखवायला. शुभवर्तमानापुरतं मला हे पटतं. पास्काला पटत नाही. काळोखात दारातून एकच ज्योत आत येते, तीनदा थांबते, आणि तिच्यावरून माणसामागून माणूस आपली मेणबत्ती पेटवत जातो. ख्रिस्त मरणातून उठला, हे तिथे डोळ्यांनी दिसतं. ऊन असलं तर दिसायचं काय?

पास्काची ही मोठी मेणबत्ती सजवायचं काम आमच्या देवळात माझ्याकडे आहे. मधोमध क्रूस, वर अल्फा, खाली ओमेगा, क्रूसाच्या चार कोनांत चालू सालाचे चार आकडे. मग धुपाचे पाच दाणे, ख्रिस्ताच्या पाच जखमांचे. सुई तापवून भोकं आधीच पाडून ठेवावी लागतात. एप्रिलच्या उकाड्यात मेण असं मऊ होतं की दाणा जोरात दाबला तर आकड्याची कडा दबते. साल लिहायची ही रीत मला सर्वांत आवडते, कारण तिचा माग थेट आठव्या शतकात लागतो. इंग्लंडचे संत बीड लिहितात की 701 च्या नाताळात त्यांचे काही मठबंधू रोमला होते. तिथे सांता मारिया मॅज्जोरे देवळातल्या मेणबत्त्यांवर त्यांनी लिहिलेलं वाचलं, की ख्रिस्ताच्या दुःखसहनाला 668 वर्षं झाली.

मेण मधमाश्यांचं, म्हणून पास्काच्या स्तोत्रात माश्यांचीही स्तुती येते. दक्षिण इटलीत हे स्तोत्र चर्मपत्राच्या लांब गुंडाळीवर लिहीत. गाणारा डीकन उंच व्यासपीठावर उभा राहून गुंडाळी पुढे सोडत जाई. गंमत अशी की अनेक गुंडाळ्यांतली चित्रं मजकुराच्या उलटी काढलेली आहेत. डीकनला अक्षरं सुलट दिसावीत आणि खाली उभ्या निरक्षर माणसाला चित्रं. मॉन्ते कासिनोच्या अकराव्या शतकातल्या गुंडाळीत फुलांवरच्या मधमाश्याही आहेत. इतक्या मोलाच्या वस्तूत निरक्षरांचा असा विचार करणारा चित्रकार मला मोठा वाटतो.

शेवटी फेब्रुवारी 1951 मध्ये पोप बारावे पायस यांनी जागरण रात्री करायची परवानगी दिली, आधी प्रयोग म्हणून. नोव्हेंबर 1955 मध्ये तोच नियम झाला आणि 1956 पासून सगळीकडे लागू झाला. लोकभाषेतली उपासना पुढे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर आली. आमच्याकडे मराठीच्या आगमनाची आठवण जास्त निघते. माझ्या मते रात्र परत मिळाली, ही गोष्ट तितकीच मोठी होती.

1988 च्या रोमच्या परिपत्रकाने बाकीचंही स्पष्ट केलं: मेणबत्ती खऱ्या मेणाची हवी, दरवर्षी नवी आणि एकच. पास्काच्या पन्नासाव्या दिवसानंतर ती स्नानकुंडाजवळ जाते. बाळाच्या स्नानसंस्काराला तिच्यावरूनच त्याची मेणबत्ती पेटवतात, आणि अंत्यविधीला ती शवपेटीपाशी असते.

आता धर्मग्रामातल्या मंडळींना एक विनंती. त्या रात्री आम्ही मेन स्विच बंद करतो, तेव्हा शूटिंगसाठी मोबाइलचा टॉर्च लावू नका. तो काळोख कित्येक शतकांनी परत मिळाला आहे.