घोर आणि पडदा

मानसोपचारात संगणक आला तो थेट श्रोत्याच्या जागी. १९६६ साली जोसेफ वायझेनबाम यांनी 'एलायझा' ही आज्ञावली रचली. समोरच्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणे, एवढीच तिची विद्या. तरी माणसे तिच्यापाशी मन मोकळे करू लागली आणि तिचा कर्ताच अस्वस्थ झाला.

नाशिक जिल्ह्यातल्या ४१ गावांत २०१३ ते २०१५ या काळात झालेला 'आत्मीयता' हा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. पुण्याच्या इंडियन लॉ सोसायटीतील मानसिक आरोग्य, कायदा व धोरण केंद्राचा हा उपक्रम. सौमित्र पाठारे त्यामागच्या संशोधकांपैकी एक. स्वयंसेवकांना स्मार्टफोन दिले, त्यांत लघुपट होते. घरातली भांडणे, दारू, बेकारी पडद्यावर दिसे आणि बोलण्याला वाट फुटे. ऐकणारा मात्र गावचाच माणूस.

नावातही रोग नाही, नाते आहे. 'जिवाला घोर लागलाय' एवढेच जिला सांगता येते, तिने 'नैराश्य' या शब्दाच्या दारातून दवाखान्यात शिरावे कसे? ऑक्टोबर २०२२ पासून 'टेली-मानस'च्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. तिचा तो 'घोर' तिथे कोणत्या रकान्यात नोंदला जातो, हे भाषेच्या अभ्यासकांनी एकदा पाहायला हवे.