हॉपचे फूल आणि पापडीचा ताड : एक पेय समुद्र ओलांडते, दुसरे झाडापाशीच का राहते? 🧵

१/
घरी पेल एल बनवणारे हौशी आज कॅस्केड, सिट्रा, मोझॅइक अशा हॉपच्या नव्या जाती सुगंधासाठी निवडतात. परंतु हॉपचे ऐतिहासिक महत्त्व सुगंधापुरते नव्हते. पेय टिकवणे हे त्याचे मोठे काम होते. या टिकाऊपणाने काय साधले, हे वसईतील पापडीच्या परिसरातल्या ताडीशी तुलना केली की कळते.

२/
हॉप ही वेल आहे. तिच्या मादी फुलोऱ्यांत पिवळी राळ असते. ती उकळली की बिअरला कडवटपणा येतो आणि बिअर आंबवून बिघडवणाऱ्या अनेक जिवाणूंची वाढ रोखली जाते.

३/
१८व्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातील हॉजसनची फिकट बिअर कंपनीच्या जहाजांतून भारतात येऊ लागली. आफ्रिकेला वळसा घालणारा हा प्रवास काही महिन्यांचा असे आणि त्यात विषुववृत्त दोनदा ओलांडावे लागे. भरपूर हॉप घातलेली बिअर हा प्रवास सोसत असे. १८२०च्या दशकात बर्टनचे उत्पादकही या व्यापारात उतरले.

४/
‘ही बिअर खास भारतासाठी शोधली गेली’ ही मात्र दंतकथा. इंग्लंडात फिकट बिअर आधीपासून होती आणि गडद पोर्टरही भारतात पोहोचत असे.

५/
कोकणात हॉप रुजला नाही. त्याला उन्हाळ्यातील दीर्घ दिवस आणि थंड हिवाळा लागतो. इथे मात्र ताड होता. भंडारी झाडावर चढून फुलोऱ्याला छेद देत आणि रस मडक्यात धरत. मडक्यातच आंबणे सुरू होई. सकाळी गोड असलेला रस संध्याकाळपर्यंत चढे आणि एक-दोन दिवसांत आंबट होई.

६/
तरीही आंबट रस वाया जात नसे. त्याचा शिरका होई. ख्रिस्ती घरांत फुग्यांचे पीठ ताडीनेच फुगवले जाई. टिकत नसलेल्या पेयाभोवती एक आख्खे स्वयंपाकघर उभे राहिले.

७/
न टिकण्याची किंमतही होती. परदेशी बिअरची पिंपे बंदरात मोजता येत. ताडी मात्र झाडोझाडी तयार होई. म्हणून सरकारने कर झाडावरच बसवला. १८७८च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्याविना झाडाला छेद देणे वा दारू गाळणे गुन्हा ठरवला. रस कमी उतरला, तरी झाडाचा कर चुकत नसे.

८/
स्वातंत्र्यानंतर १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि ताडीही त्याच्या कक्षेत आली. न आंबलेल्या नीरेला वेगळे स्थान मिळाले. नीरा आंबू नये म्हणून मडक्याला आतून चुना लावतात. म्हणजे रस टिकवण्याची युक्ती इथेही होती, पण तिचा हेतू उलटा : हॉप आंबलेले पेय जपतो, चुना आंबणेच थांबवतो.

९/
टिकणारे पेय गोदामे, जहाजे आणि मोठ्या कारखान्यांच्या हाती गेले. न टिकणारे पेय झाड, भंडारी आणि शेजारच्या घराशी बांधलेले राहिले, आणि कराचा भारही तिथेच पडला. महाराष्ट्रात आज परवान्याविना घरी बिअर बनवणाऱ्यालाही तोच १९४९चा कायदा लागू होतो. हॉपची जात निवडणारा हौशी आणि ताडावर चढणारा भंडारी, दोघेही एकाच कायद्याखाली येतात.

#वसई #पापडी #कोकणचा_इतिहास