सफरचंदचोरांचे पंच

विल्यम जॉर्ज नावाचे एक गृहस्थ १८९० पासून दर उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहराच्या दाट वस्त्यांतली गरीब पोरं गोळा करून फ्रीव्हिल या खेड्यात मोकळ्या हवेला न्यायचे. पोरांना हवा मानवली, आणि शेजारच्या शेतकऱ्यांची सफरचंदंही. रोज तक्रारी, रोज फटके. फटक्यांनी काही फरक पडेना, तेव्हा जॉर्जनी चोरांचा निवाडा बाकीच्या पोरांवर सोपवला. १८९५ साली त्याच जागी ‘जॉर्ज ज्युनिअर रिपब्लिक’ उभं राहिलं. मुलांचं स्वतःचं चलन, स्वतःचे पोलीस, तुरुंग, कोर्ट. पुढे न्यायाधीशाच्या खुर्चीवरही मुलगाच.

या कल्पनेचा विस्तार तेव्हाच व्हायचा, पण १८९९ मध्ये शिकागोत पहिलं बालन्यायालय निघालं आणि वारं फिरलं. तिथे न्यायाधीश वडिलांच्या जागी, बंद दाराआड मुलाचं भलंबुरं ठरवणार. सवंगड्यांना त्यात स्थान नाही. मुंबई प्रांताचा १९२४ चा बालकायदा याच वळणाचा होता. आपल्या आजच्या बाल न्याय मंडळातही एक दंडाधिकारी आणि दोन समाजसेवक बसतात, तिघेही मोठेच. अमेरिकेत मधल्या काळात ओहायोतल्या मॅन्सफील्ड गावी सायकलवरून नियम मोडणाऱ्या पोरांसाठी पोरांचंच एक ‘बायसिकल कोर्ट’ चाललं. अशी तुरळक उदाहरणं सोडली, तर कल्पना जवळजवळ निजलेलीच होती.

ती जागी झाली टेक्सासात. ग्रँड प्रेअरीत १९७६ ला एक प्रयोग झाला होता, पण ज्याची नक्कल देशभर झाली ते ‘टीन कोर्ट’ तेलविहिरींच्या ओडेसा शहरातलं, १९८३ चं. त्यामागे होत्या नॅटली रॉथस्टाइन. इथली मुख्य गोष्ट अशी, की मुलगा आधीच गुन्हा कबूल करून आलेला असतो. त्यामुळे ‘केलं की नाही’ यावर वेळ जात नाही. सगळी झटापट शिक्षेवर. न्यायाधीश मोठा माणूस, बहुधा फुकट वेळ देणारा वकील. बाकी सरकारी वकील, बचावाचा वकील, पुकारा करणारा आणि ज्युरी, सगळे शाळकरी. दुकानातली किरकोळ चोरी, भिंती रंगवणं, दारूची बाटली, वाहतुकीचे नियम मोडणं अशी ही प्रकरणं. शिक्षा म्हणजे समाजसेवेचे तास, माफीचं पत्र, नुकसानभरपाई, निबंध. सगळं पार पाडलं की आरोप निकालात निघतो, नावावर डाग राहत नाही.

निबंध म्हटलं की आपल्याला मे २०२४ मधलं पुण्याचं पोर्शे प्रकरण आठवणारच: दोन जीव गेले आणि आरोपी अल्पवयीन मुलाच्या जामिनाला ३०० शब्दांच्या निबंधाची अट. टीन कोर्टातला निबंध दुकानातून उचललेल्या लिपस्टिकसाठी असतो. माणूस दगावल्याचं प्रकरण या कोर्टाची पायरी चढतच नाही.

माझ्या मते या शिक्षांमधली खरी करामत निबंधात नाही, ज्युरीच्या बाकात आहे. दोषी मुलाला पुढे काही वेळा ज्युरीत बसावंच लागतं. काल ज्याने ‘मित्रांनी भरीस पाडलं’ म्हणून सांगितलं, तोच आज समोरच्याचं तेच ऐकतो, आणि त्याला ते पटत नाही. पोरं पोरांना सांभाळून घेतील असं बाहेरच्याला वाटतं. कोर्ट चालवणाऱ्यांचा अनुभव बहुतेकदा उलटा असतो. ज्याने ती थाप स्वतः मारलेली असते त्याच्यापुढे ती चालत नाही. म्हणून कित्येक ठिकाणी तासांची कमाल मर्यादा मोठ्यांनी आधीच आखून दिलेली असते.

अलास्कातल्या अँकरेज शहराने १९८९ मध्ये आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे न्यायाधीशही मुलंच, तिघांचं पीठ. त्या खुर्चीपर्यंत जायला आधी कायद्याचा वर्ग, मग परीक्षा. १९९४ मध्ये देशात अशी ७८ कोर्टं होती, २०१० पर्यंत हजारावर गेली. खर्च थोडा, हौशी मुलं भरपूर, आणि बालन्यायालयं किरकोळ खटल्यांनी तुंबलेली. वाढ झाली यात नवल नाही.

उपयोग किती? अर्बन इन्स्टिट्यूट या अमेरिकी संशोधन संस्थेने २००२ मध्ये चार राज्यं तपासली. अलास्कात सहा महिन्यांत पुन्हा पकडलेली मुलं ६ टक्के, नेहमीच्या वाटेने गेलेल्यांत २३ टक्के. मेरीलँडमध्ये मात्र पारडं उलटं: टीन कोर्टात ८ टक्के, शेजारच्या परगण्यातल्या पोलिसांच्या योजनेत ४. हा फरक इतका लहान की त्यावरून काही सिद्ध होत नाही. पण मेरीलँडच्या कोर्टात न्यायाधीश मोठा माणूस होता आणि अलास्कात मुलं, हेही नजरेआड करता येत नाही. टीकाकारांचा आक्षेप याहून मुळावर आहे. यातल्या बऱ्याच पोरांना पूर्वी हवालदार नुसता दम देऊन घरी धाडायचा. आता त्यांच्यासाठी फाइल उघडते, तारीख पडते आणि आई-बाप कामाला दांडी मारून कोर्टात बसतात.