मेणबत्तीची वेणी

मेणबत्ती हा शब्द जुन्या काळातच राहिला आहे. आज बाजारातून आपण जी आणतो तिच्यात मेण बहुधा नसतंच. असतं ते पॅराफिन, खनिज तेलातून निघणारं. खरं मेण मधमाशीचं. ते महाग, म्हणून युरोपात ते चर्चच्या आणि श्रीमंतांच्या वाट्याला आलं. गरिबाघरी जळायची गुराढोरांच्या चरबीची बत्ती. ती ओघळायची, तिला घाण वास यायचा आणि धूर तर विचारूच नका.

शिवाय तिच्यामागे एक कायमची चाकरी असे. सुताला साधा पीळ देऊन वात केलेली. ती ज्योतीच्या मधोमध सरळ उभी राही. ज्योतीच्या पोटात पुरेशी हवा पोहोचत नाही, त्यामुळे वात पुरती जळत नसे. टोकाला कोळशाचा गोंडा धरे, उजेड मंदावे, काजळी सुटे. मग कुणीतरी उठून तो गोंडा कात्रीने कापायचा. त्या कात्रीला उर्दू-फारसीत गुलगीर म्हणतात. गुल म्हणजे फूल, आणि वातीचं जळकं टोकही! आम्ही कवी शमा-परवान्यात एवढे रमलो, की मैफलभर जागून गुल कापणारा नोकर आमच्या ओळींत फारसा आलाच नाही. शमा रात्रभर जळाली ती त्याच्या जिवावर.

त्याची सुटका फ्रान्समध्ये झाली. मिशेल शेव्रल या रसायनशास्त्रज्ञाने चरबीवरचा आपला ग्रंथ १८२३ मध्ये प्रसिद्ध केला. चरबी म्हणजे मेदाम्लं आणि ग्लिसरीन यांचा संयोग, हे त्याने दाखवलं. त्या उग्र वासाचं मूळ ग्लिसरीनच्या जळण्यात होतं. ते काढून टाकलं की घट्ट, पांढरं स्टिअरिन उरतं. १८२५ मध्ये त्याने गे-ल्यूसाकबरोबर त्याचं पेटंट घेतलं. त्याच वर्षी कांबासेरेसने वातीची चक्क वेणी घातली. वेणीची वात जळताना वाकते, तिचं टोक ज्योतीच्या कडेला, हवेत येतं आणि जळून राख होतं. कापायला काही उरत नाही. (नोकर सुटला, की त्याची नोकरी सुटली, हा प्रश्न वेगळा.)

सगळंच काही स्वच्छ नव्हतं. स्टिअरिनमध्ये स्फटिक दिसू नयेत म्हणून काही कारखानदार सोमल मिसळत. १८३७ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी त्याविरुद्ध आवाज उठवला.

मेणबत्तीवर सर्वांत सुंदर बोलला तो मायकेल फॅरेडे, लोहाराचा मुलगा. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८६०-६१ च्या नाताळात त्याने मुलांपुढे सहा व्याख्यानं दिली. ज्योतीचा पिवळा उजेड म्हणजे तिच्यात तापून लाल-पिवळे झालेले कार्बनचे कण, हे त्याने मुलांना दाखवलं. तेच कण न जळता निसटले की काजळी. वारा लागला की ते हमखास निसटतात. भारनियमनाच्या दिवसांत आपण मेणबत्ती नेमकी खिडकीत ठेवायचो आणि मग भिंत पुसत बसायचो!

हल्ली काचेच्या भांड्यातल्या सुगंधी मेणबत्त्या आल्या आहेत. त्यांची वात लांब राहिली तर वेणी असूनही धूर येतो. पेटवण्याआधी ती पाव इंच ठेवून कापावी. गुलगीर नको, घरातली साधी कात्री पुरते.