पनवेल बंदर आणि बेटांचे पंचांग

मुंबईच्या इतिहासात पनवेलचा उल्लेख बहुधा वाटेवरचे गाव म्हणून येतो. पुण्याकडचा प्रवासी बोरघाट उतरे, मजल दरमजल पनवेल गाठी, गाडी तेथेच सोडून पडावात बसे आणि भरतीच्या पाण्याबरोबर खाडीतून मुंबईस पोचे. या वर्णनात एक गोष्ट गृहीत धरलेली असते आणि म्हणूनच ती नजरेआड होते. पडाव लागत असे, कारण मुंबई हे बेट होते. शीवचा बांध एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झाला, माहीमचा १८४५ साली. तोवर, आणि त्यानंतरही बराच काळ, तांदूळ, मीठ, लाकूड आणि गवत या बेटाला समोरच्या किनाऱ्यावरून पाण्यानेच पुरवले जात होते. पनवेलचा इतिहास एका बेटाला पोसणाऱ्या बंदराचा इतिहास म्हणून वाचला, तर त्यातून आजच्याही काही प्रश्नांवर उजेड पडतो, असे आम्हांस वाटते.

१८३० साली बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि देशावरचा माल बैलगाड्यांनी थेट खाडीच्या काठाशी येऊ लागला. गाड्यांची चाके बनवणे हा पनवेलचा नावाजलेला धंदा होता, यात नवल नाही; चाक जेथे थांबते आणि शीड जेथे उघडते, त्या जागेवरच हे गाव वसले होते. १८५२ मध्ये येथे नगरपालिका आली. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी बोरघाटातून आगगाडी धावू लागली. मुंबई आता बेट उरली नाही, याची ही जणू दुहेरी नोंद. देशावरचा माल कल्याणमार्गे रुळांवरून जाऊ लागला आणि पनवेलच्या बंदराला उतरती कळा लागली. बंदर एका दिवसात मरत नाही. आधी मोठी गलबते येईनाशी होतात, मग गाळ काढण्याची निकड कोणाला वाटत नाही, आणि शेवटी ‘बंदर’ हा शब्द फक्त रस्त्याच्या आणि वस्तीच्या नावात शिल्लक राहतो.

मात्र पनवेलच्या पाण्याचा विस्तार एकट्या मुंबईपुरता नव्हता. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या पनवेल तालुक्यात उरणचा महाल मोडत असे. १८८३ साली पनवेल कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, गेले. उरण, अर्थात करंजा, हे मुळात बेटच. पुढे भरावाने आणि मिठागरांनी ते जमिनीला जोडले गेले. त्याच पाण्यात घारापुरी आहे, आणि ती आजही बेट आहे. आपले इतिहासलेखन तालुक्यांच्या आणि किल्ल्यांच्या सीमांनी चालते; खाडीच्या दोन काठांना एक प्रदेश मानण्याची सवय आपल्याला नाही. कोळ्याला आणि तांडेलाला मात्र ती होती.

या प्रदेशाचे नौकानयन दोन पंचांगांवर चाले. पहिले तिथीचे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा सुमाराचा तास मिळतो, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब: अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आगेमागे. पनवेलसारख्या उथळ खाडीत भरतीवाचून होडी हलत नसे, म्हणून हा हिशेब चुकवून चालत नव्हते. दुसरे पंचांग ऋतूचे. वैशाख-ज्येष्ठात आगोट सुरू होई. धान्य, सुकी मासळी, सरपण साठवायचे, होड्या ओढून शाकारायच्या, आणि नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण होईपर्यंत समुद्राशी व्यवहार बंद. नारळी पौर्णिमेकडे आपण सण म्हणून पाहतो. बेटावरच्या माणसासाठी ती पुरवठ्याच्या वर्षातली एक तारीख होती. किती दिवसांचा दाणागोटा घरात हवा, हे ती ठरवी.

वाफेच्या बोटी आल्या तेव्हा हे दुसरे पंचांग बाजूला ठेवता येईल, असा विश्वास हळूहळू रुजला. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. आषाढी अमावास्येच्या सणासाठी घराकडे निघालेली ही माणसे होती. त्या वर्षी अधिक श्रावण असल्यामुळे नारळी पौर्णिमा अजून सहा आठवड्यांहून अधिक दूर होती. या दुर्घटनेची अनेक अंगांनी चर्चा झाली आहे. आमच्या विषयापुरते एवढेच म्हणता येईल, की यंत्राने गती दिली तरी ऋतूची मुभा त्याला मिळवता आली नाही.

रामदासच्या काळी निदान ऋतू आपल्या जागी होता. आता तोच जागा सोडू लागला आहे. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, म्हणजे नारळी पौर्णिमा होऊन गेल्यावर, ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन चक्रीवादळे अरबी समुद्रात एकाच वेळी वावरत होती. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’ मुंबईजवळून गेले आणि त्या तडाख्यात ‘पी ३०५’ हा बार्ज बुडाला. २०२५ साली मोसमी पाऊस २६ मे रोजीच मुंबईत दाखल झाला. इतक्या लवकर येण्याची तोवर नोंद नव्हती. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील संशोधकांच्या अभ्यासानुसार २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातील चक्रीवादळांची संख्या आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली. आगोटीची कामे ज्या महिन्यात करायची, त्याच महिन्यात आता वादळ येऊ शकते. आणि दर्या शांत झाला असे ज्या पौर्णिमेला मानायचे, तिच्यानंतरही तो शांत राहील याची खात्री नाही.

तिथीचे पंचांग तरी अबाधित आहे काय? चंद्र आपली वेळ पाळतो, भरती सांगितल्या वेळीच येते. बदलते ती भरतीची पायरी. मुंबईत अपोलो बंदरावर समुद्रपातळीच्या नोंदी १८७८ पासून उपलब्ध आहेत. जगातल्या दीर्घ नोंदींत त्यांची गणना होते. जागतिक सरासरी पाहिली तर १९०१ ते २०१८ या काळात समुद्र सुमारे २० सेंटिमीटर चढला, आणि २००६ नंतरच्या बारा वर्षांत चढण्याचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. आकडे लहान दिसतात. परंतु उधाणाचे पाणी, त्यावर वाऱ्याने लोटलेले पाणी आणि त्यावर लाट, अशी ही बेरीज असते. तळाचा आकडा वाढला की प्रत्येक बेरीज वाढते. पूर्वी धक्क्याच्या काठाशी थांबणारे उधाण मग धक्क्यावरून वाहू लागते.

येथे कोणी विचारील, की पाणी चढणार असेल तर गाळाने उथळ झालेल्या बंदरांचे भलेच होणार नाही का? तसे होत नाही. मोठ्या ओहोटीला मोरा बंदरात लाँच धक्क्याला लागत नाही आणि सेवा थांबवावी लागते, ही उरणकरांची जुनी तक्रार आहे. समुद्र वर्षाला काही मिलिमीटर चढतो. डोंगरउतारावरून एका धुवाधार पावसात वाहून येणारी माती त्या मापाने मोजता येत नाही. पाऊस थोड्या दिवसांत अधिक जोराने कोसळू लागला की गाळही तसाच येतो. म्हणजे ओहोटीला पाणी अपुरे आणि उधाणाला अनावर, अशी दोन्हीकडून कोंडी होते. जवाहरलाल नेहरू बंदरासारख्या मोठ्या बंदरापाशी गाळ काढण्याची यंत्रे, भूभाग उंचावण्याची ऐपत आणि हवामानाचा सल्ला देणारी माणसे असतात. प्रवासी लाँचच्या लहान धक्क्यापाशी यांपैकी फारसे काही नसते.

खुद्द पनवेलने तर आपले पाणी विसरायचेच ठरवले आहे. २६ जुलै २००५ रोजी, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला त्या दिवशी, गाढी नदी पनवेलच्या वस्तीत शिरली आणि हे गाव खाडीच्या मुखाशी आहे याची आठवण देऊन गेली. त्यानंतर विमानतळासाठी उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला, टेकडी कापली गेली, खाजणांत भराव पडला; ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. १२ जानेवारी २०२४ रोजी खुला झालेला अटल सेतू २१.८ किलोमीटर लांबीचा आहे. शिवडीहून निघालेली मोटार आता पाण्यावरून जाते आणि पाण्याला कोठेही शिवत नाही.

वाटेत घारापुरी दिसते. तेथे सेतू उतरत नाही. बेटावर तीन गावे आहेत: शेतबंदर, मोराबंदर आणि राजबंदर. तिन्ही नावांत बंदर आहे, कारण तेथे पोचण्याचा दुसरा मार्गच नाही. समुद्रतळातून टाकलेल्या तारेने वीज आली ती २०१८ च्या फेब्रुवारीत. आजारी माणूस, पर्यटक आणि त्यांच्यावर चालणारे पोट, हे सारे आजही होडीनेच जाते-येते. समुद्र खवळला की होडी थांबते, आणि ती कोणत्या महिन्यांत थांबेल याचा अंदाज आता पंचांगातून मिळत नाही. हवामानबदल आणि बेटे म्हटले की आपल्याला मालदीव आणि तुवालू आठवतात. गेट वे ऑफ इंडियापासून दहाएक किलोमीटरवर तोच प्रश्न लहान आकारात उभा आहे.

पनवेलच्या इतिहासाचा एक सोपा अर्थ नेहमी लावला जातो: बंदर गेले, रेल्वे आली, द्रुतगती मार्ग आला, महानगरपालिका झाली, विमानतळ झाला, तेव्हा बंदर गेले म्हणून हळहळण्याचे कारण नाही. मुख्य भूमीवरच्या गावापुरता हा अर्थ खरा आहे. एक वाट बुजली तर त्याला दुसरी मिळते. मुंबईनेही भराव घालून आपले बेटपण पुसून टाकले. पण हा अनुभव नियम मानून त्यावर सारी धोरणे बेतली, तर ज्यांना दुसरी वाट मिळणारच नाही ते हिशेबातून सुटतात. घारापुरीचा धक्का उंच करायचा, तरंगता करायचा, गाळ नियमित काढायचा, लाटांचा जोर मोडणारे तिवरांचे बन राखायचे, वादळाचा इशारा तांडेलापर्यंत वेळेत पोचवायचा, ही कामे सेतूच्या मानाने अगदी किरकोळ खर्चाची आहेत. ती मागे पडतात, कारण पाणी हा रस्ता आहे ही समजूतच आपल्यातून गेली आहे.

भाषेच्या अभ्यासकांचा येथे थोडा संबंध येतो. आगोट, उधाण, भांग, खाजण, तांडेल हे शब्द आपण प्रादेशिक रंग म्हणून टिपून ठेवतो. प्रत्यक्षात ती एका व्यवस्थेची परिभाषा आहे. केव्हा निघावे आणि केव्हा थांबावे, हे शेकडो वर्षे तिने ठरवले. आता तिच्यातल्या तारखा नव्याने लावाव्या लागतील. ते काम वेधशाळेचे आणि तांडेलाचे मिळून आहे. पनवेलचे बंदर गेले, तरी पनवेल राहिले. घारापुरीचे बंदर गेले, तर तेथे लेणी राहतील, माणसे राहणार नाहीत.